माश्यांना कोण सांगणार

झांडहोर्न,
४ ऑक्टोबर १९४३

चि. ग्रीत्ये हीस अ. उ. आ.

हे पत्र जळणाच्या होडीवाल्या योरिसच्या हाती देते आहे, टपालात नाही. तेव्हा मोकळं लिहिते. तू तुझी दोन माणसं माझ्या पोटमाळ्यावर ठेवून गेलीस त्याला तीन आठवडे झाले. जाताना म्हणालीस, ताई, थोडे दिवस. तुझे थोडे दिवस मला लहानपणापासून ठाऊक आहेत. माझी निळी शाल थोडे दिवस म्हणून नेलीस, त्याला एकोणीस वर्षं झाली.

ब्लोक आजोबा सज्जन माणूस. पहिल्या दिवशी मी मोठ्या मानाने डुकराच्या चरबीत तळलेले बटाटे वाढले. त्यांनी माझे आभार मानले, बटाटे ताटाच्या कडेला सरकवले आणि कोरडी भाकरी खाल्ली. मला राग आला, आणि कारण कळल्यावर राग आल्याची लाज वाटली. आता तेलात करते. जन्मभर हिऱ्यांना पैलू पाडलेली ती बोटं, त्यांना रिकामं बसवत नाही. माझे स्वयंपाकघरातले पेले एकेक करून उजेडाला धरतात आणि कुठल्याला कुठे ओरखडा आहे ते सांगतात. त्यांची नात, ती पोर मात्र मला जड जाते. घरात मीन्ये म्हणायचं, खरं नाव युदिक तोंडातून काढायचं नाही, हे तू बजावलंस ते पाळते. सात वर्षांची मुलगी आणि हसते तीसुद्धा कुजबुजून. दर मंगळवारी माळरानापलीकडच्या छावणीतून त्यांच्या माणसांना भरून पूर्वेकडे गाडी निघते, तिची शिट्टी ऐकू आली की आजोबा तिचे कान झाकतात. आपले उघडे ठेवतात.

काळजी एकच. माझा पहिला शेजारी कोण, तर बेरेंड, आणि त्याच्या मुलाने, एव्हर्टने, उन्हाळ्यापासून जर्मनांच्या चाकरीचा काळा गणवेश चढवला आहे. दर रविवारी बापाच्या घरी जेवायला येतो, बुटांचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत येतो. बेरेंड आणि मी अकरा वर्षं बोललेलो नाही. आमच्या मधमाश्यांचं मोहोळ उडून त्याच्या नासपतीच्या झाडावर बसलं आणि त्याने ते माश्या पाळायच्या आपल्या पेंढ्याच्या टोपलीत घातलं. आमचे हे म्हणाले, मी तवा वाजवत मागे आलो, मग रीतीप्रमाणे मोहोळ माझंच. तो म्हणाला, मला तवा ऐकू आला नाही. झालं. पण हे गेले तेव्हा तोच बेरेंड आला, त्यांना आंघोळ घातली, माश्यांना सांगितलं, खांदा दिला, आणि कॉफीचा घोटही न घेता तोंड शिवून निघून गेला. शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म.

म्हणूनच मनाला लागून राहिलं आहे. घरात नवं माणूस राहायला आलं, जन्मलं किंवा गेलं, तर पहिल्या शेजाऱ्याने घराची किल्ली घेऊन पडवीत जायचं, प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोकायचं आणि माश्यांना सांगायचं. घरच्यांनी सांगून चालत नाही. या दोघांचं अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या नऊ टोपल्यांना ठाऊकच नाही की छपराखाली कोण आहे. तू हसशील, हस.

शिध्याच्या चिठ्ठ्या पाठव. माया पातळ करू नकोस.

तुझी ताई,
हिल्लेचिन

---

अॅम्स्टरडॅम,
१९ ऑक्टोबर १९४३

ती. ताईस स. न. वि. वि.

हसले. एवढी हसले की माझ्या खोलीखालची बाई वर येऊन विचारून गेली. ताई, अख्खं राज्य जर्मनांनी गिळलं आणि तुला चिंता कसली, तर माश्यांना रीतसर कळवलं नाही याची! त्यांची चर्चमध्ये नावनोंदणी आहे का? नसेल तर त्यांना काही कळवायचं कारण नाही. जितक्यांना कमी ठाऊक तितकं बरं, त्यात माश्याही आल्या.

चिठ्ठ्या योरिसच्या टोपीच्या अस्तरात आहेत. मुलीसाठी लोकरीचे मोजे आहेत, ते माझ्याच जुन्या स्वेटरचे उसवून केलेत. टाच कशी वळवायची हे मी शाळेत असताना तू शिकवत होतीस आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते, हे मोजे बघून तुला आठवेल.

इथलं काय सांगू? परिचारिकेच्या टोपीला अजून थोडा मान आहे. सायकलच्या रबरी धावा गेल्या, आता लाकडी लावल्या आहेत. गल्लीत शिरले की सगळ्यांना कळतं ग्रीत्ये आली. ज्या रस्त्यावर मी बाळंतपणं केली तिथे आता एका बाजूची सगळी दारं चिकटपट्टीने बंद आहेत. मागच्या आठवड्यात त्यातल्या एका घरात घड्याळाचे टोले पडताना ऐकले. आत कोणी नाही, दोन महिने नाही. किल्ली कोण देतं त्याला? मी थांबले नाही.

बेरेंडपासून जपून राहा. अबोला धरणारी माणसं बघतात फार.

शाल माझ्याच गळ्यात आहे, परत मिळणार नाही. लोभ करत राहावे, दुसरं काय मागू?

तुझी,
ग्रीत्ये

---

झांडहोर्न,
१३ फेब्रुवारी १९४४

चि. ग्रीत्ये हीस अ. उ. आ.

ब्लोक आजोबा गेले. मंगळवारी, गाडीची शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी पोरीचे कान झाकले आणि मग हात खाली आलेच नाहीत, तसेच तिच्या खांद्यांवर राहिले. तिला वाटलं, ते ऐकताहेत. बराच वेळ ती हलली नाही. मी वर कांजी घेऊन गेले तेव्हा मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगत होती.

मी घड्याळ थांबवलं आणि आरशावर घालायला चादर घेऊन गेले, तर पोर एका हाताने आपला फ्रॉक आरशावर धरून उभी. त्यांच्यातही झाकतात म्हणे. एवढी एक गोष्ट आम्हा दोघींना एकमेकींना सांगावी लागली नाही, आणि तिथेच मला रडू कोसळलं.

पुरायचं कुठे? जमीन दगडासारखी गोठलेली, आणि नवी माती दिसली की संपलंच. एकच जागा होती, माश्यांची पडवी. तिथे छपराखाली, टोपल्यांच्या मागे, माती मऊ असते. दोन दिवस दाट धुकं होतं, ह्यांच्या कुदळीने मी खणलं. माझ्या वयाला ते काम नव्हे, पण झालं. पोरीने तिच्या भाषेतली प्रार्थना म्हटली, अर्धी आठवत होती तेवढी. वर पेंढा पसरला.

आता पुढचं लिहू का नको? लिहिते. तिसऱ्या दिवसापासून माश्या गुणगुणू लागल्या. फेब्रुवारीत, एवढ्या थंडीत! या दिवसांत त्या गोळा होऊन गप्प असतात, पेंढ्याला कान लावला तरच श्वासाएवढा आवाज लागतो. आता अंगणात उभं राहून ऐकू येतो. पाद्री यायच्या आधी चर्चमधली माणसं एकमेकांना हळू आवाजात विचारत असतात ना, कोण गेलं, कोण गेलं, तसा. नवव्या टोपलीपासून सुरू होतो आणि पहिलीपर्यंत येतो.

मला राहवलं नाही. शेजाऱ्याला बोलवू शकत नाही, म्हणून आज उजाडता उजाडता मीच घराची किल्ली घेऊन गेले. प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोकलं आणि सांगितलं, ब्लोक आजोबा वारले, घर तुमचं आहे, राहा. घरात कोणी गेलं की टोपल्यांना बांधतात ती काळी चिंधी बांधली नाही, एवढी अक्कल आहे मला. पण आवाज थांबला नाही. उलट वाढला.

पोर आता माझ्याजवळ निजते. माया ठेव, आणि जपून राहा.

तुझी ताई,
हिल्लेचिन

---

अॅम्स्टरडॅम,
२७ फेब्रुवारी १९४४

ती. ताईस स. न. वि. वि.

पत्र वाचून जिन्यातच बसले. मी त्यांना आणताना आगगाडीत ते माझ्याशी तासभर बटणांबद्दल बोलत होते, म्हणजे आम्ही साधी बापलेकीची जोडी दिसावी म्हणून. उतरताना हळूच म्हणाले की बटणांतलं मला ओ की ठो कळत नाही, तुम्हाला कंटाळा आला असेल तर माफ करा. ताई, तू एकटीने खणलंस. तुझे हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आता मोठ्या बहिणीला रागावायची पाळी माझी. तू दोन दिवस टोपल्यांमागे कुदळ चालवलीस, माश्या उठणार नाहीत तर काय करतील? त्यात भुताखेताचं काही नाही. पण तू उजाडताना किल्ली घेऊन नऊ टोपल्या ठोकल्यास, हे मात्र भयंकर केलंस. तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की किल्ली घेऊन पडवीत जातात ते कशासाठी. एकट्या विधवेच्या घरात तिच्याशिवाय कोण मरणार? कोणी पाहिलं असेल तर? तू रीत पाळलीस आणि साऱ्या गावाला दवंडी दिलीस. उंटावरून शेळ्या हाकते असं म्हणू नकोस, मी खरंच घाबरले आहे.

पुन्हा जाऊ नकोस. त्यांना गुणगुणू दे. मुलीला माझा पापा दे, मोजे तोकडे झाले असतील तर कळव.

लोभ राहू दे, राग दोन दिवसांत ओसरेल.

तुझी,
ग्रीत्ये

---

झांडहोर्न,
२८ मार्च १९४४

चि. ग्रीत्ये हीस अ. उ. आ.

तू म्हणालीस ते खरं झालं. कोणीतरी पाहिलं आहे.

काल पडवी झाडायला गेले. नवव्या टोपलीच्या मागच्या अंगाला, जिथे रस्त्यावरून दिसत नाही आणि जिथे खाली आजोबा आहेत, तिथे काळी चिंधी बांधलेली होती. नीट, दोन गाठी मारून. मी बांधलेली नाही. तू विचारशील झोपेत बांधलीस का, तर माझ्या घरात काळं कापड उरलेलंच नाही. होतं नव्हतं ते खिडक्यांना लावलं. आणि चिंधी नवी नव्हती. पावसाने विटलेली होती. म्हणजे किती आठवडे ती तिथे आहे आणि मी रोज समोरून जाते आहे! सोडून चुलीत घातली. जळताना तिला मेणाचा वास आला.

आणखी एक. आमचा कुत्रा मोर रात्रभर अंगणात मोकळा असतो, पानाच्या आवाजालाही भुंकणारा. तो एकदाही भुंकला नाही.

संध्याकाळी पोरीने जे सांगितलं त्याने माझी बोबडी वळली. पोटमाळ्याच्या फटीतून तिला पडवीचं टोक दिसतं. ती म्हणाली की मावशी, कधी कधी अंधारून येताना आजोबा तिथे येऊन उभे राहतात. टोपी हातात घेऊन, मान खाली घालून काहीतरी बोलतात आणि जातात. मी विचारलं, तोंड पाहिलंस का. तर म्हणाली, तोंड दिसत नाही, पण म्हातारे आहेत. मला कधी सांगितलं का नाहीस असं विचारलं, तर म्हणते, तुम्ही घाबराल म्हणून.

चिंध्या बांधणं भुताचं काम नाही, एवढं मलाही कळतं. हे कोणीतरी हाडामांसाचं आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. मग तो बोलत का नाही? कशाची वाट बघतो आहे? दर रविवारी एव्हर्टचे बूट वाजतात आणि मला वाटतं, आज. माझं काय, साठी गाठली. पण ही पोर त्या मंगळवारच्या गाडीत बसता कामा नये. तिला इथून हलव. तिच्याविना घर कसं होईल ते नंतर बघू. लवकर ये.

तुझी ताई,
हिल्लेचिन

---

अॅम्स्टरडॅम,
६ एप्रिल १९४४

ती. ताईस स. न. वि. वि.

घाईत लिहिते, योरिस खाली उभा आहे. उत्तरेला फ्रीसलंडमध्ये एका पाववाल्याचं घर मिळालं आहे. त्यांना पाच मुलं आहेत, सहावं कोणाच्या डोळ्यांत येणार नाही. येत्या गुरुवारी, तेरा तारखेला सकाळी मी येते. बुधवारी आगगाडीने निघेन, उतरल्यावर सायकलने कालव्याच्या कडेने. मुलीला दोन कपडे घालून ठेव, एकावर एक. तिला सांग की सायकलवर मागे बसायचं आहे आणि माझ्या शालीत तोंड लपवायचं आहे. शाल तुझीच आहे, ओळखीचा वास येईल तिला.

तू सांगितलंस ते मी कोणाला बोलले नाही, पण रात्री जाग आली आणि मलाही कोणीतरी टोपी हातात धरून दाराशी उभं आहे असं वाटलं. दिवा लावला तर माझाच डगला खुंटीला होता. बघ, तुझी हवा इथवर आली.

माझ्यासाठी कुट्टूची धिरडी कर, मधासकट. युद्ध आहे हे मला सांगू नकोस, तुझ्याकडे मध असतोच. लोभ आहे, त्याच्या जोरावर एवढं मागते.

तुझी,
ग्रीत्ये

---

झांडहोर्न,
१६ एप्रिल १९४४, रविवार

ग्रीत्ये,

आशीर्वाद लिहीत नाही. ते तुला पुरले नाहीत.

गुरुवारी उजाडताना मी धिरड्यांचं पीठ कालवून ठेवलं आणि मध काढायला पडवीकडे गेले. लांबूनच दिसलं. नऊच्या नऊ टोपल्यांना काळ्या चिंध्या, या वेळी पुढच्या अंगाला, रस्त्यावरून दिसतील अशा. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि घरातली माणसं मोजली. पोर वर झोपलेली, मी तिच्या नाकापुढे हात धरूनच खाली आले होते. मी तर उभी आहे. मग कोणासाठी? माझ्या घरात तिसरं कोणी नव्हतं. मी तिथे उभी राहून मूर्खासारखी स्वतःची नाडी चाचपून पाहिली. तूही या घरात जन्मलेली आहेस, या घरची म्हणूनच तुला मोजतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पडवीच्या टोकाकडून बेरेंड आला. टोपी हातात, मान खाली. मोर त्याच्या पायांत घोटाळत होता, त्याच्याच कुत्रीचं पिल्लू ते. अकरा वर्षांनी त्याने मला वहिनी म्हटलं. म्हणाला, वहिनी, मी माश्यांना सांगितलं आहे, आता तुम्हाला सांगतो. आपली ग्रीत्ये गेली. बुधवारी संध्याकाळी पुलावरच्या नाक्यावर तिला अडवलं, तिने कागद फाडून सायकलसकट कालव्यात टाकले आणि पळाली. त्यांनी गोळी घातली. एव्हर्टने रात्री अवचित घरी येऊन जेवताना सांगितलं, एक शहरातली परिचारिका, लाकडी धावांची सायकल, निळी शाल. नाव त्यांना कळायला दुपार होईल. कळलं की ते इथे येतील.

मला त्याचं निम्मं ऐकू आलं आणि निम्मं नाही. तो बोलत राहिला, जणू अकरा वर्षांचं साठलेलं होतं. म्हणाला की म्हाताऱ्यांचंही मीच सांगितलं. तुम्ही किल्ली घेऊन ठोकताना बघितलं तेव्हाच कळलं की वर कोणी होतं आणि ते गेलं. घरच्यांनी सांगितलेलं माश्या मानत नाहीत वहिनी, हे तुम्हाला ठाऊक हवं होतं. म्हणून मागून बांधलं, आणि जमेल तेव्हा येऊन दोन शब्द बोलत होतो, त्यांचं दुसरं कोण येणार? मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस, मी भीतीने मेले असते. तर म्हणाला, बोलायला गेलो असतो तर तुम्ही दार उघडलं नसतं. आणि म्हणाला, अकरा वर्षं बोललो नाही, म्हणजे बघितलं नाही असं नव्हे.

ग्रीत्ये, मी त्याच्या भीतीने तुला बोलावलं. टोपल्यांना चिंधी बांधणाऱ्या माणसाच्या भीतीने. तू त्याच रस्त्यावर होतीस. हे मी आता कोणाला सांगू? तुलाच सांगते.

त्याने रडायला वेळ दिला नाही. पोरीला घोंगडीत गुंडाळलं, रिकाम्या टोपलीत बसवलं आणि मोहोळ नेतात तशी पाठीला लावून रस्त्यापलीकडे नेली. एव्हर्टच्याच, आता रिकाम्या असलेल्या, भिंतीतल्या बिछान्याच्या कपाटात लपवली. काळ्या गणवेशवाल्याच्या बिछान्यात कोण शोधणार? सापडली असती तर बापाला मुलाच्याच हातून भिंतीशी उभं राहावं लागलं असतं. त्याने ते मला सांगितलं नाही, मला तेवढं कळतं.

दुपारी चौघे आले, एव्हर्ट त्यांच्यात. पोटमाळा उपसला, गवतात संगिनी खुपसल्या, चुलीवरचं धिरड्यांचं पीठ ओतलं. मग पडवीकडे वळले. टोपल्यांना चिंध्या बघितल्या आणि त्यांच्यातला गावचा एकही माणूस पुढे पाऊल टाकेना. शोकातल्या माश्यांना हात लावायचा नसतो. त्यांच्यातल्या परक्याने विचारलं, कोण मेलं. मी म्हटलं, माझी बहीण, तुम्हीच मारली. एव्हर्टचा हात आपसूक टोपीकडे गेला आणि टोपी निघालीही. मग त्याला आठवलं की आपण कोण आहोत, आणि त्याने ती परत चढवली. पण ते टोपल्यांमागे गेले नाहीत. तुझ्या चिंध्यांनी आजोबांना राखलं.

बेरेंड शुक्रवारी गाडी जोडून तुला आणायला गेला होता, शेजारी म्हणून. त्यांनी दिली नाही. कुठे ठेवली तेही सांगितलं नाही.

आज रविवार, एव्हर्ट जेवायला यायचा, म्हणून बेरेंडने उजाडायच्या आत पोरीला परत आणलं. आजच्या दिवस इथे, उद्यापासून पुन्हा तिथे, असं आमचं ठरलं आहे. फ्रीसलंड नको म्हणाला, रस्ते वाईट आहेत. मी कॉफी म्हणून भाजलेल्या जवाचं पाणी पुढे ठेवलं. प्यायला. मोहोळाचा विषय मीच काढला, तर म्हणाला, तवा ऐकू आला होता वहिनी.

निघताना त्याने घराची किल्ली मागितली. पोरीला हाताला धरून पडवीत नेलं. मी म्हटलं, बेरेंड, उजेड होतोय. तो म्हणाला, हे राहून गेलं आहे, म्हणून तर त्या झोपत नाहीत. त्याने पहिल्या टोपलीवर तीनदा ठोकलं आणि तिला विचारलं, तुझं नाव काय. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने सांगितलं. मग त्याने ते नऊही टोपल्यांना मोठ्याने सांगितलं, की या घरात एक मुलगी राहायला आली आहे, तिचं नाव युदिक, ती आपली आहे. इतक्या महिन्यांत ते नाव उघड्यावर कोणी उच्चारलं नव्हतं. पोर प्रत्येक टोपलीपाशी ओठ हलवून तेच म्हणत होती.

नवव्या टोपलीवर ठोकून झालं आणि आवाज थांबला. फेब्रुवारीपासूनचा. मी पेंढ्याला कान लावला, तर आत श्वासाएवढंच.

हे पत्र योरिसकडे देता येत नाही. रिकाम्या टोपलीत तुझी पत्रं आहेत, त्यांच्यावर ठेवते. पोर विचारते आहे, निळ्या शालवाल्या मावशी कधी येतील. मी म्हटलं, थोडे दिवस.

तुझी ताई,
हिल्लेचिन